मधला पट्टा

खेकड्यांच्या राज्यात दरवर्षी पुराचं पाणी हद्द पुसून टाकी. ओढ्याच्या गाळात एका अंगाला तांबडे खेकडे राहत, दुसऱ्या अंगाला काळे. पूर ओसरला की दोन्हीकडचा एकेक जाणता समोरासमोर येई, नांगीत नांगी घाली आणि दोघं मिळून तिरके चालत जात. उमटेल ती पायवाट म्हणजे हद्द.

एका साली शेवाळावरून बाचाबाची झाली आणि एकाची नांगी मोडली. तेव्हा वरच्या काठावरचे बगळे मध्यस्थीला आले. एवढे पांढरेशुभ्र, एका पायावर उभं राहून विचार करणारे. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? त्यांनी सुचवलं, एकमेकांकडे पाठ करून चाला, डोळे खोबणीत मिटून घ्या, नजरानजर नकोच. भांडण खरोखर थांबलं. दोन वाटा मात्र दरवर्षी एकमेकींपासून दूर सरकत गेल्या आणि मधल्या पट्ट्यात लव्हाळे माजले. तिथे कोणी पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. राखण बगळ्यांनी आपण होऊन पत्करली.

पण पोरं ती पोरंच. ती लव्हाळ्यात शिरत आणि परतत नसत. तांबडे काळ्यांच्या नावाने खडे फोडत, काळे तांबड्यांच्या.

यंदाच्या उन्हाळ्यात केवडी नावाच्या तांबड्या खेकडीची धाकटी लेक अशीच गेली. पूर ओसरल्यावर हद्द चालायला मीच जाणार, असं तिने बजावलं. मनातलं कोणाला सांगितलं नाही. अर्ध्या वाटेत वळायचं आणि काळ्यांच्या जाणत्याची, वज्रूची, नांगी मुळापासून तोडायची.

ती वळली, लव्हाळ्यात घुसली आणि थिजली. समोरून वज्रूही नांगी उगारून येत होता. त्याचा थोरला मागच्या साली गेला होता.

दोघांच्या मध्ये, लव्हाळ्यांच्या मुळांत अडकलेला, कवचांचा खच होता. लहान लहान कवचं, आणि प्रत्येकाच्या पाठीत चोच मावेल एवढं भोक. इतकी वर्षं सगळे याच्याच कडेने डोळे मिटून चालले होते.

“यात तुमची कुठली?” वज्रूने विचारलं.

धाकटीला आपण कुठेही ओळखू, असं तिला वाटत आलं होतं. उन्हाने सगळ्यांचा रंग उडाला होता.

“कळत नाही हो,” ती म्हणाली.

मग तिने सर्वांत लहान कवच उचललं आणि खेकडी पिल्लं धरते तसं पोटाखाली घेतलं. वज्रू एकेक वेचून तिच्या नांगीत देत राहिला.