पहिली खाच

एकदा एक तरुण दूरच्या गावाहून एका वृद्ध वस्तादांकडे तलवार शिकायला आला. आई गेल्यावर घरात उरलेली एकुलती एक गाय त्याने विकली आणि इथल्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडची सर्वांत देखणी तलवार घेतली. सोनेरी मूठ, लखलखीत पाते. या जगात त्याचे म्हणावे असे आता तेवढेच होते.

आखाड्यात सराव जोडीने चाले. पण समोरच्याचा वार आला की हा आपली तलवार चटकन मागे घेई. न जाणो, पात्याला खाच पडली तर! अशा गड्याशी कोण खेळणार? हळूहळू त्याला कोणी जोडीला घेईना. मग तो कोपऱ्यात एकटाच हवेत वार करी, सायंकाळी पात्याला तेल लावी, आणि इतर सारे हसत-बोलत नदीवर निघाले की पाठ फिरवून बसे. आई गेली तेव्हासुद्धा त्याला इतके एकटे वाटले नव्हते. शेवटी त्याने गाठोडे बांधले आणि तो वस्तादांचा निरोप घ्यायला गेला.

"जा खुशाल," वस्ताद म्हणाले. "पण आधी माझ्याबरोबर बाजारात चल."

त्याच व्यापाऱ्याच्या अडगळीतून त्यांनी एक बोथट, ओबडधोबड तलवार उपसून काढली.

"अहो वस्ताद, ही तर मी लोहाराला मोडीत देणार होतो," व्यापारी हसला.

तरुणाच्या कनवटीला जे उरले होते, तेवढ्यात ती आली. दुकानाबाहेर पडताच वस्तादांनी ती पायरीच्या दगडावर खाडकन आपटली. पात्याला खाच पडली.

"वस्ताद, हे काय केलंत!" तरुण कळवळला.

वस्तादांनी आपली तलवार म्यानातून काढून त्याच्या हाती दिली. तिची धार खाचांनी भरून गेली होती.

"ही माझी पहिली तलवार. हिलाही कोणी विचारत नव्हतं, म्हणून मला परवडली. बोट फिरव. यातली एकेक खाच म्हणजे माझ्यासमोर उभा राहिलेला एकेक माणूस आहे. ही माझ्या गुरूंची. ही माझ्या मित्राची. तो आता नाही, पण बोट इथं आलं की मला अजून भरून येतं. तुझी सोनेरी तलवार भिंतीवर टांग, जप तिला. ती माया आहे, त्यात चूक काही नाही. पण शिकताना हातात अशी हवी, जी खराब झाली तरी मन हळहळत नाही. तू तलवार जपलीस बाळ, आणि माणसं लांब ठेवलीस. तुझ्या या बोथट तलवारीची पहिली खाच माझी धर. पुढच्यांसाठी पातं मोकळं आहे."

तरुणाने गाठोडे सोडले.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून एकाला जोडीला बोलावले. वार आला. तो मागे हटला नाही.

सायंकाळी तेल लावताना पात्यावर दुसरी खाच सापडली. ती भिवाची होती. इतके दिवस एकाच आखाड्यात राहून हे नाव त्याने आज पहिल्यांदा विचारले होते. खाचेवर तो बोट फिरवीत बसला.

"येतोस ना नदीवर?" दारातून भिवाने हाक मारली.

तेलाची वाटी तशीच ठेवून तो उठला.