पंचायतीची शिडी

ओढ्यापलीकडे महापालिका, अलीकडे आमची ग्रामपंचायत. म्हणूनच बिल्डर भोगावकर बारा मजली टॉवरचा नकाशा घेऊन अलीकडे आले.

"तिकडं सतरा परवानग्या लागतात, सरपंचबाई. इथं तुमची एक सही पुरे," ते ग्रामसभेत म्हणाले. सदस्य माना डोलवू लागले.

सरपंच द्वारकाबाईंनी शिपायाला खांबावरचे दिवे बदलायची शिडी आणायला लावली.

"आग लागली तर पंचायतीकडं एवढीच शिडी आहे. ही पोचेल तेवढे मजले बांधा."

"अहो, आगीला शहराचा बंब येईल की."

"मग सहीपण शहराचीच आणा."

भोगावकरांनी नकाशा गुंडाळला. टॉवर ज्यांच्या घरांना खेटून उठणार होता, त्या खालच्या आळीनं सुटकेचा निःश्वास सोडला. शिपाई शिडी घेऊन शाळेपुढचा दिवा बदलायला गेला.