विसोबानं पाडलेलं मैदान

एका गावात विसोबा नावाचा सुतार राहत होता. बायको सगुणा, एकुलता एक लेक येसू. विसोबाच्या बापानं गावाला कुस्तीचं लाकडी मैदान बांधून दिलं होतं. मधे तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती सागवानी खांबांवर बसायच्या पायऱ्या. पंचक्रोशीत तसं मैदान नव्हतं.

गावाची एक रीत होती. आपला पैलवान जिंकला, की बाया खांबांच्या बुडाशी घागरीनं ताक ओतायच्या. हौद्याच्या मातीला ताक चालतं, मग खांबांनी काय पाप केलं? लाकूड म्हणजे माती नव्हे, हे कौतुकाच्या भरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. विसोबाच्याही नाही.

एका जत्रेत येसूची मोठी कुस्ती ठरली. जिंकला तर राजाच्या तालमीत जाणार होता. सकाळी विसोबानं सहज खांबाला पटाशी लावली. उकडलेल्या रताळ्यात शिरावी तशी ती आत गेली.

सगुणा म्हणाली, “अहो, आजचा दिवस गप्प बसा. पोराचं आयुष्य घडतंय.”

“आणि वरून लोकांची पोरं पडली तर?”

तो पाटलाकडं गेला. पाटील हसला. “विसोबा, पोरगं चीतपट होणार म्हणून खांब कुजले व्हय?”

माणसं मैदानाकडं निघाली होती. विसोबानं कुऱ्हाड उचलली. दारात येसू लंगोट कसून उभा. “आबा, आज नको,” एवढंच बोलला, आणि बाजूला झाला.

विसोबानं बायकांच्या बाजूचा खांब तोडला. रिकाम्या पायऱ्या कडाडून खाली आल्या. खांबातून नुसता भुसा सांडला. तरी लोकांचा राग गेला नाही. जत्रा मोडली ती मोडलीच. उरलेलं मैदान गावानं उतरवलं, फळ्या चुलीत गेल्या. राजाच्या तालमीत दुसराच गेला. विसोबाला कुणी काम देईना. बापाचं मैदान आपल्या हातानं पाडलं, हे दुःख उराशी धरूनच तो मेला.

पुढं एकदा पाटलाची सून दारात आली. बोटाला धरलेला मुलगा, पोटात दुसरं. म्हणाली, “सगुणामावशी, त्या दिवशी हा पोटात होता, आणि मी त्याच पायऱ्यांवर बसणार होते. आता येणाऱ्याला पाळणा तुमच्याच घरचा हवा.”

सगुणा पदर तोंडाला लावून रडली. येसूनं पाळणा केला. मग एकेक घर त्याच्याकडं येऊ लागलं. सगुणाची कणगी भरली, सून आली, नातवंडं अंगणात खेळू लागली.

तात्पर्य: आपल्या घरचं नुकसान होत असलं, तरी दुसऱ्याच्या जिवावरचा धोका लपवू नये. त्याचं चांगलं फळ उशिरा येतं, कधी आपल्या माघारीही येतं.