कुंभारआळीची वाट

एकदा एका म्हाताऱ्या पाळकाने देवाचं वचन पहारीने फोडलं. रविवारी, भर मंडळीसमोर. दचकलात ना? दचकायलाच पाहिजे. पण आधी पुरतं ऐका.

हे पाळक मोठं दुखणं काढायला लेकीकडे गेले होते. मागे मंडळी सांभाळायला त्यांचा शिष्य होता. तरुण, मेहनती, प्रार्थनेला आवाज खणखणीत. पाळक परतले त्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, शिष्याने त्यांना मोठ्या हौसेने चर्चच्या मागे नेलं. मंडळीही मागोमाग गेली.

तिथे नवी भिंत उभी होती. पुरुषभर उंच, पांढरीशुभ्र. दोन्ही अंगांना निळ्या अक्षरांत वचन रंगवलेलं. थकल्याभागल्यांना प्रभू विसाव्याला बोलावतो, ते.

"कुंभारआळीच्या बाया आपल्या आवारातून रस्त्यावरच्या हापशाला जायच्या," शिष्य म्हणाला. "प्रार्थना चालू, आणि यांचे चिखलाचे पाय, मागे शेरडं, वर बडबड! आता कसं पवित्र वाटतं. शिवाय बाहेरचे लोक वचन वाचतील. साक्षच आहे ही."

"आणि ती म्हातारी कुंभारीण?" पाळकांनी विचारलं. "गाणं लागलं की हंडा टेकवून खिडकीशी उभी राहायची, ती?"

"तिचं नावच काढू नका, साहेब. घरी जाऊन सुवार्ता सांगितली. एकदा नाही, दोनदा. तोंडावर दार लावलं. फार कठीण मनाची बाई."

पाळक तसेच वळले. काठी टेकत पुढच्या फाटकातून बाहेर पडले आणि नाल्याकडून वळसा घेऊन कुंभारआळीत गेले. मंडळी चहा पीत थांबली. बऱ्याच वेळाने आले ते घामाने निथळत, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. आल्याआल्या राखणदाराला म्हणाले, "पहार आण."

पहिला घाव थेट वचनावर. प्रभूच्या नावावर!

बायांनी तोंडाला पदर लावले. मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ ओरडले, "अहो, नरकात जायचंय का?" कुणी म्हणालं, ताप डोक्यात गेला म्हाताऱ्याच्या. शिष्य पांढराफटक पडला. धावत जाऊन त्याने पहार धरली. "साहेब, वचन आहे ते! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय," पाळक धापा टाकत म्हणाले. "त्या कुंभारणीची सून दिवस भरत आलेली होती. ही वाट बंद, म्हणून नाल्याच्या उतारावरून पाणी आणत होती. भरल्या हंड्यासकट पडली. मूल पोटातच गेलं. तू दुसऱ्यांदा सुवार्ता सांगायला गेलास ना, तेव्हा ती आत निजलेली होती."

सगळ्यांच्या हातातले कप तसेच राहिले.

"मला कुणी सांगितलं नाही," शिष्य कसाबसा म्हणाला.

"तू विचारलंस?" पाळकांचा आवाज खाली आला. "लेकरा, त्या घरात कुणाला अक्षर येत नाही. तू निळं रंगवलंस का पिवळं, त्यांना काय त्याचं? त्यांना एवढंच कळलं, की येशूच्या माणसांनी पाण्याची वाट अडवली. आपल्या प्रभूविषयी त्या घराला आपण दिलेली साक्ष ती एवढी."

शिष्याने पहार त्यांच्या हातातून घेतली. वाटलं, आता फेकतो. पण तो भिंतीकडे वळला आणि घाव घालू लागला. वाट उघडली तेव्हा तसाच, धुळीने माखलेला, कुंभारणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"परत आलास?" म्हातारी उंबऱ्यावरूनच कडाडली. "आता काय सांगायचं राहिलंय?"

"काही नाही, मावशी. माफी मागायला आलो."

"तुझ्या माफीनं नातू परत येतोय व्हय माझा?" तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाली, "विटा सगळ्या वाटेत पडल्यात. कुणा लेकीबाळीच्या पायाला ठेच लागंल. त्या उचल आधी."

तिने दार लावून घेतलं. शिष्य परतला, घमेलं घेतलं आणि विटा उचलू लागला. थोड्या वेळाने नरकाची भीती घालणारे ते वडीलधारे गृहस्थही बाह्या सारून वाकले. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी प्रार्थना केली नाही.

तेव्हा बाबांनो, बायांनो, शेजाऱ्याला प्रभू सांगायला निघण्याआधी आपल्या कुंपणाला एकदा बाहेरच्या अंगाने फेरी मारून या.