झाकणाची करंडी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा शहरांना तट असत, तटाला वेशी असत आणि दिवेलागणीला त्या वेशी बंद होत.

अशाच एका राजाच्या राजधानीत, अगदी तटाला टेकून, एक बुरूडआळी होती. आळीतली माणसं बांबू फोडायची, कामट्या काढायची, सुपं-टोपल्या विणायची. रोजचं विणायचं, रोजचं विकायचं आणि रोजचं आणून खायचं. उद्याचं धान्य आजच घरात आलं, तर त्या घरी काहीतरी सण आहे असं खुशाल समजावं.

आळीच्या तोंडाशी मल्लाप्पा वाण्याचं दुकान होतं. दुकान कसलं, खोपटंच ते. आत एक गिऱ्हाईक उभं राहिलं की दुसऱ्याला पायरीवर थांबावं लागे. पण तिथं निळवंभर डाळसुद्धा मिळायची. निळवं म्हणजे अगदी इवलंसं माप, जेमतेम दीड मूठ. तेवढ्यासाठीसुद्धा मल्लाप्पा तोंड वाकडं करत नसे.

दुकानासमोर एक दगडी कट्टा होता. तिथं सावली असायची, म्हणून धुरपाकाकू आपलं विणकाम घेऊन दिवसभर त्या कट्ट्यावर बसायची. मागं कधीतरी बांबूची मोळी पायावर पडून तिचा एक पाय कायमचा अधू झाला होता. काठी टेकत घरापासून कट्ट्यापर्यंत यायची, त्यापुढं तिची मजल जात नव्हती. पुढंमागं कुणी नव्हतं. पण माणूस मोठं मायाळू. कुणाचं मूल तापलं की ही त्याच्या उशाशी, कुणाची सून अडली की ही तिच्या पायथ्याशी. सगळी आळी तिला आपली मानायची.

काकूला खोड मात्र एक होती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या दुरडीत डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

आता आळीच बुरुडांची, तेव्हा वाणसामान न्यायचं ते बांबूच्या पसरट, उघड्या दुरडीतूनच. आत काय आहे ते आंधळ्यालाही दिसावं. त्यात मल्लाप्पाची मोजायची तऱ्हा. वाण्यांच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. ‘लाभ... दोन... तीन...’ असा त्याचा खणखणीत आवाज आळीच्या टोकापर्यंत जाई. ज्याच्या घरी ओढगस्त, त्याची मोजणी ‘लाभ’ म्हणून तिथंच थांबे. आणि ती थांबली की कट्ट्यावरून काकूचा आवाज आलाच म्हणून समजा.

“काय गं अनशे, लाभावरच थांबला की शेट! सासऱ्याला उपास धरायला लावलास का?”

“एवढी मिरची? नवऱ्याशी भांडलेली दिसतेस!”

“अगं बाई, आज गूळ! जावई यायचाय आणि आम्हाला पत्ताच नाही!”

सगळी हसायची. जिला विचारलं तीही हसायची. काकूच्या मनात पाप नव्हतं. तिला वाटायचं, विचारणार नाही तो शेजारी कसला?

असे दिवस गेले. हळूहळू दुकानाची पायरी मोकळी दिसायला लागली. आळीतली माणसं नदीवरचा पूल ओलांडून, चढ चढून, राजवाड्यासमोरच्या मोठ्या पेठेत जाऊ लागली. मल्लाप्पाकडं येऊन कुणी न्यायचं ते एखाद्या वेळी मीठ, नाहीतर चुलीवर फोडणी असताना संपलेली मोहरी.

एके दिवशी मल्लाप्पा तराजू पुसत म्हणाला, “धुरपाबाई, दिवाळीच्या पाडव्याला मी दुकान बंद करतोय. पुतण्याच्या गावी जाईन म्हणतो. इथं आता मुंग्यासुद्धा येत नाहीत. त्यांनाही पेठेचाच गूळ गोड लागतो.”

काकूच्या हातातली कामटी तशीच राहिली. “अहो शेट, आणि मी? तो पूल, तो चढ... मी जाऊ कशी?”

मल्लाप्पानं मान खाली घातली. माणूस चांगला होता, पण रिकाम्या दुकानात बसून त्याचं तरी पोट कसं भरणार?

झालं. काकूनं कट्ट्यावरून तोफ डागायला सुरुवात केली. पेठेतून येणाऱ्या प्रत्येकाला ती अडवायची.

“पेठेतल्या डाळीला काय सोन्याचा वर्ख असतो? दारातला वाणी उपाशी मरतोय आणि तुम्ही पूल ओलांडताय!”

“तिथं स्वस्त पडतं, काकू,” माणसं खाली बघत म्हणायची.

काकू भाव विचारायचीच. भाव तोच निघायचा. कधीकधी तर पेठेतला चढाच असायचा. मग माणसं काहीतरी पुटपुटत, दुरडीवर पदर नाहीतर पंचा ओढून पुढं सटकायची. काकूला काही केल्या उमगेना.

अशात मल्लाप्पा पुतण्याच्या गावी जागा बघायला गेला. दुकानाला कुलूप लागलं. नेमकी त्याच वेळी काकूच्या घरातली डाळ संपली. तिनं शेजारच्या अनशीला हाक मारली. अनशी नुकतीच पेठेकडं निघाली होती.

“अनशे, माझ्यापुरती डाळ आण गं. निळवंभर पुरे.”

पलीकडं बांबू फोडत भिवातात्या बसला होता. आळीतला सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत थट्टेखोर. तो मोठ्यानं म्हणाला, “निळवंभर? काकू, डाळ शिजवणार की गंधासारखी कपाळाला लावणार?”

आळी खो खो हसली. काकूही हसली. पण हसता हसता तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. टोपल्या खपल्या नव्हत्या, म्हणून निळवंभर सांगितलं होतं. ते आता सगळ्या आळीला कळलं.

डाळ आली, शिजलीही. पण काकूच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी अनशीनं दारातूनच विचारलं, “काकू, काही आणायचंय का?”

“नको गं बाई. पोट जड झालंय.”

पोट कसलं जड! कण्यांची पातळ पेज पिऊन काकू भिंतीला टेकून बसली. तिच्या मनात आलं, आता पाडव्यानंतर हे रोजचंच. रोज कुणाच्या तरी तोंडाकडं बघायचं, रोज आळीत ओरडून सांगायचं की माझी चूल आज एवढ्यावर पेटणार आहे. त्यापेक्षा पेज बरी.

संध्याकाळी अनशी भाकरी आणि कोरड्यास घेऊन आली. “पोट जड असलेल्या माणसाचं तोंड असं सुकत नाही,” ती म्हणाली. “खा आता मुकाट्यानं.”

काकूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसली. “अनशे, खरं सांग. तात्या काल बोलला, तसं मीपण बोलते का गं?”

अनशीनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. मग हलकेच म्हणाली, “मामंजी आजारी होते ना, तेव्हा घरात विणणारे हातच कमी पडले. एका मापावर दोन्ही वेळा काढायच्या होत्या. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, सासऱ्याला उपास धरायला लावलास का. मामंजींनी खाटेवरून ऐकलं, काकू. रात्री ते जेवलेच नाहीत. म्हणाले, माझ्या वाटणीचं तूच खा.”

काकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“तेव्हापासून मी पेठेत जाते. तिथला वाणीही ‘लाभ’ म्हणून थांबतो. पण कुणाच्या घरचा, ते तिथं कुणाला ठाऊक?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस गं? चांगले दोन शब्द सुनावायचेस मला!”

“तुम्ही हसत होतात, काकू. हसणाऱ्या माणसाला काय सुनावायचं?”

काकूनं डोळे पुसले. “आणखी कोणकोण माझ्यामुळं पेठेत जातं?”

अनशीला हसू आवरेना. “बघा! परत विचारलंतच!”

मल्लाप्पा परत आला आणि बरण्या गोण्यांत भरू लागला. काकू काठी टेकत दुकानाच्या पायरीपर्यंत गेली. “शेट, पाडव्यापर्यंत थांबणारच आहात ना? तोवर गोण्या बांधू नका. मला एक करून बघू द्या.”

त्या दिवसापासून काकूनं तोंडाला कुलूप लावलं. कुणी समोरून गेलं की ती नुसती बघायची आणि ओठ घट्ट मिटायची. दोन्ही गाल फुगून यायचे. पण झालं भलतंच. आळी घाबरली.

“काकूला बरं नाही वाटतं.”

“बरं नाही कसलं! मनात मोजत बसलीय. पूर्वी बोलून तरी मोकळी व्हायची.”

दुकानाची पायरी रिकामी ती रिकामीच राहिली. तेव्हा काकूला कळलं, नुसतं तोंड मिटून भागत नाही. तिनं विचारायचं सोडलं, तरी बाकीच्यांचे डोळे होतेच, उघडी दुरडी होतीच आणि मल्लाप्पाचा आवाजही होताच.

तिनं दिवाळीच्या बाजारासाठी राखून ठेवलेला बांबू काढला. हाच बांबू विणून, विकून तिचा हिवाळा निघायचा. तो तिनं फोडला, कामट्या तासल्या आणि उंच, गोल करंड्या विणायला घेतल्या. प्रत्येक करंडीला घट्ट बसणारं झाकण. सगळ्या करंड्या एकाच मापाच्या. कुणाची लहान नाही, कुणाची मोठी नाही. बोटं सोलवटली, तरी ती थांबली नाही. घर तितकी करंडी झाली, तेव्हा तिनं सगळ्यांना कट्ट्याशी बोलावलं.

“वाण्याकडं जाताना ही न्यायची. झाकण लावायचं आणि घरी जायचं.”

भिवातात्यानं करंडी उलटीपालटी करून पाहिली. “पण काकू, आत काय आहे ते आम्हाला कळायचं कसं?”

“कळू नये म्हणूनच विणलीय, तात्या! आणि तुम्हाला ती आधी देतेय. तुम्ही परवा पंच्याखालून काय नेत होतात ते मी पाहिलंय, पण सांगणार नाही.”

तात्यानं करंडी निमूटपणे काखोटीला मारली.

मग काकू मल्लाप्पाकडं वळली. “शेट, तुम्हीपण. आता माप मोठ्यानं मोजायचं नाही.”

मल्लाप्पा दचकला. “अहो, बापजाद्यांचा रिवाज तो! लाभ म्हटल्याशिवाय माप ओतलं तर बरकत जाईल.”

“आहे कुठं बरकत, जायला? गोण्या बांधायला घेतल्यात ना? म्हणा की लाभ. मनातल्या मनात म्हणा. लक्ष्मीला काय ऐकायला कमी येतं?”

मल्लाप्पानं बराच वेळ डोकं खाजवलं. मग बांधलेली एक गोणी सोडली.

पहिली आली अनशी. तिनं करंडी पुढं केली. मल्लाप्पाचे ओठ नुसते हलले. माप ओतलं गेलं, झाकण बसलं. अनशी कट्ट्यासमोरून गेली आणि काकूनं काही पाहिलं नाही, कारण ती आता दुकानाकडं पाठ करून बसायला लागली होती. मग एक म्हातारी आली. मग एका घरातला धनी स्वतः आला. लाजेमुळं तो आजवर कधी दुकानाची पायरी चढला नव्हता. ज्यांनी भरपूर घेतलं आणि ज्यांनी निळवंभर घेतलं, त्या सगळ्यांच्या करंड्या रस्त्यानं सारख्याच दिसत होत्या.

पाडवा आला आणि गेला. मल्लाप्पा गेला नाही. आधी तो म्हणाला, होळीपर्यंत बघतो. होळीला म्हणाला, पावसाळा निघू दे. तो काही श्रीमंत झाला नाही, खोपटंही तेवढंच राहिलं. पण सगळी आळी रोजचं थोडंथोडं त्याच्याकडून नेऊ लागली आणि त्या थोड्याथोड्यावर दुकान तगलं. काकूचा हिवाळा जरा कठीणच गेला. पण फाल्गुनात कुंभारवाड्यातल्या बायका झाकणाच्या करंड्या मागायला आल्या, मग रंगाऱ्यांच्या आळीतल्या आल्या. काकू दोन हातांनी पुरी पडेना. तिनं अनशीला आणि तिच्या सासऱ्याला विणायला बरोबर घेतलं.

एका सकाळी अनशी दुकानातून निघाली ती सरळ काकूसमोर येऊन उभी राहिली. चेहरा आनंदानं फुललेला. “काकू, बघा तरी आज काय घेतलंय!” म्हणत तिनं झाकण उघडलंसुद्धा.

काकूनं घाईघाईनं दोन्ही डोळ्यांवर हात ठेवले. “झाक गं बाई, झाक ते! मोठ्या कष्टानं सवय मोडलीय.” आणि मग, डोळे तसेच मिटून, तिनं विचारलं, “मामंजी पोटभर जेवतात ना आता?”

“जेवतात, काकू,” अनशी म्हणाली.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जावं, पण त्याच्या घरातली तूट चारचौघांत मोजू नये; गरिबाची लाज राखली, तरच त्याच्या दारातलं दुकान टिकतं.