पुढे न सरकणारी भेट

दसऱ्याच्या दरबारात नगरशेटांनी महाराजांना चांदीची गुलाबदाणी नजर केली आणि ती पाहून माझी बोबडी वळली. मागच्या दिवाळीत तीच गुलाबदाणी महाराजांनी मला दिली होती.

मी गुंडोपंत, वेळगड संस्थानच्या तोशाखान्याचा कारभारी. सणासुदीला महाराज ज्या भेटी देतात, त्यांची कोठारं माझ्या ताब्यात. कुणाला शेला शोभेल, कुणाला पानदान, हे ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगत असे.

महाराजांनी गुलाबदाणी उलटी करून बुडाचा आमच्याच तोशाखान्याचा शिक्का पाहिला. चौकशी सुरू झाली. नगरशेट म्हणाले, "मला वैद्यबुवांनी दिली." वैद्यबुवा म्हणाले, "मला कोतवालांनी." आणि कोतवालांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"घरात आधीच तीन होत्या, महाराज," मी म्हणालो. याहून वाईट उत्तर सुचलं असतं तर मी तेही दिलं असतं.

महाराज आधीच हट्टी, त्यात आता चिडलेले. "म्हणजे आम्ही दिवाळीत भेटी देतो की बाजाराला माल पुरवतो? गुंडोपंत, नरकचतुर्दशीच्या सकाळपर्यंत अशी भेट शोधा, जी घेणाऱ्याला पुढे कुणाला देता येणार नाही आणि बाजारात विकताही येणार नाही. नाही सापडली तर पगडी इथे ठेवा आणि कायमचे घरी जा."

पगडी गेली तर आपल्यापाशी काय उरतं, याचा मी घरी जाऊन विचार केला. फारसं काही उरत नव्हतं. गावात मला जो नमस्कार होई तो पगडीला होई, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी कामाला लागलो. प्रथम एका तबकावर महाराजांचं नाव कोरून घेतलं आणि ते कोतवालांना दिलं. नाव कोरलेली वस्तू कोण विकणार? चौथ्या दिवशी तबक बाजारात होतं आणि नावामुळे त्याला दीडपट भाव आला होता. मग वाटलं, खाण्याची वस्तू द्यावी. वैद्यबुवांकडे सकाळी पेढ्यांची करंडी पाठवली. ती पाच घरं फिरून तिसऱ्या प्रहरी आमच्याच घरी आली. मी उघडायच्या आत आमच्या हिने ती आपल्या भावाकडे रवाना केली होती.

दिवाळी चार दिवसांवर आली. मी तोशाखान्यात डोक्याला हात लावून बसलो होतो. तिथली तांब्यापितळेची भांडी घासायला गोजरा येत असे. चिंचेचा कोळ लावता लावता ती म्हणाली, "पंत, घरात सुतक पडल्यावानी का बसलाय?"

शहाण्या माणसांचे सल्ले घेऊन संपले होते, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. ती घासायची थांबलीसुद्धा नाही.

"एवढंच व्हय? म्या देते तसली भेट. पर त्या दिवशी म्या सांगंल तिथं गप बसायचं. तोंड उघडायचं न्हाई."

तोंड न उघडणं मला जड होतं, पण मी कबूल केलं.

नरकचतुर्दशीला सकाळी सगळा दरबार चौकात जमला. गोजरा आली ती काखेत एक पाट आणि हातात कोमट तेलाची वाटी घेऊन. लोक हसायला लागले.

"भेट कुठे आहे?" महाराजांनी विचारलं.

"म्हाराजांच्या हातात हाय. पंत, पगडी काढा आन् बसा पाटावर. म्हाराज, घाला ह्यांच्या डोक्याला तेल."

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाह्या सारल्या. आधी जरा घाबरत, मग दोन्ही हातांनी त्यांनी माझं डोकं चोळलं. कानामागे चोळलं, मानेवर चोळलं. काय सांगू, मला भरून आलं. आई गेल्यापासून इतक्या सावकाश माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. भर दरबारात मी डोळे मिटून बसलो आणि पगडीची आठवणही झाली नाही.

"आता पंत," गोजरा म्हणाली, "म्हाराजांनी दिलं त्ये नगरशेटास्नी देऊन टाका. न्हाईतर बाजारात न्या, बघू कोन घेतंय."

मी मुकाट्याने डोकं चाचपलं. द्यायला काही हाताला लागेना.

महाराज सहजी हरणारे नव्हते. "हा उद्या शेटजींच्या डोक्याला तेल घालेल की!"

"घालू द्या. त्यानं ह्यांच्या डोक्यात मुरलेलं निघून शेटजीकडं जायचं न्हाई. ती पंतांची भेट व्हईल, म्हाराजांची न्हवं. आजवर म्हाराजांनी कोठारातलं उचलून दिलं, लोकांनी तसंच उचलून पुढं दिलं. हे आज हातानं दिलंय. ते कसं उचलायचं?"

महाराज खदखदून हसले. नगरशेटही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. महाराजांनी माझी पगडी उचलून माझ्या तेलकट डोक्यावर ठेवली. ती घसरून नाकावर आली.

"गोजरे, तुला काय देऊ? तुझ्याही डोक्याला तेल घालू?"

"नगं म्हाराज," ती म्हणाली. "पंतांच्या घरी फराळाचे डबे भरल्यात, त्यास्नी नुसतं तेल पुरंल. माझे रिकामे हाईत. मला आपलं बाजारात नेल्यावर भाव येईल असंच कायतरी द्या."

महाराज पुन्हा हसले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. तेलाच्याच हाताने त्यांनी ते पुसलं आणि गोजराला दोन दुभत्या म्हशी देण्याचा हुकूम सोडला. भेटी पोचवणं तोशाखान्याच्या कारभाऱ्याचं काम, म्हणून भर बाजारातून त्या हाकत नेल्या मी. नगरशेट दुकानाच्या पायरीवरून बघत होते. वाटेत म्हशींनी मला दोनदा गटारात ढकललं, आणि गोजरा मागून त्यांनाच सांगत होती, "अगं हळू, कारभारी हाईत!"