भोपळ्याचे बलुतेदार

राजा विक्राळसेनाच्या नाकाला मधमाशी चावली आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला!

नाक सुजून वांग्याएवढं झालं. "राज्यातल्या सगळ्या मधमाश्या हद्दपार!" महाराज गरजले. शिपायांनी धूर करून मोहोळं उठवली. दुसऱ्या दिवशी ऐन वामकुक्षीच्या वेळी बेडूक ओरडले. बेडूक हद्दपार! हाऱ्यांत भरून त्यांना नदीपलीकडे सोडलं. तिसऱ्या दिवशी गांडुळावरून पाय घसरून महाराज सपशेल आडवे झाले. गांडुळं हद्दपार! ती सेनापतींनी म्हणे चिमट्यानं वेचली, कारण हात लावायला त्यांना किळस येत होती.

हेही खपून गेलं असतं, पण महाराजांना भोपळ्याच्या घारग्यांचं भारी वेड. दसऱ्याला ताटात घारगे नसले तर ते दिवसभर कुणाशी धड बोलत नसत.

राजवाड्यामागचा भोपळ्याचा मळा भिवरा माळणीकडे होता. मळ्याच्या कडेलाच तिचं खोपट. यंदा वेल रानभर पसरले, फुलं आली, पण इवले इवले भोपळे पिवळे पडून गळायला लागले. पानांची लाल भुंग्यांनी चाळण केली. माती इतकी घट्ट झाली की पाणी वरच्या वर वाहून जायचं. भिवरेला कारण लख्ख दिसत होतं आणि राजाचा रागही येत होता, पण राजाला बोलणार कोण?

नारळी पौर्णिमेला महाराज स्वतः मळ्यात आले.

"भिवरे, भोपळे कुठं आहेत?"

"तुमीच घालवलेत की म्हाराज! मधमाश्या न्हाईत, बेडकं न्हाईत, गांडुळं न्हाईत. भोपळा धरंल कशानं?"

"भोपळ्याला माशी कशाला लागते? उलट फुलातला रस चोरते मेली! हे बघ, राजाचा शब्द फिरत नसतो. ती मंडळी परत येणार नाहीत. आणि दसऱ्याला मला भोपळा हवा! नाहीतर मळा सोड, खोपट सोड आणि चालती हो!"

या मळ्यात भिवरेचा उभा जन्म गेला होता. तिनं पदर सारखा केला, तेवढ्या वेळात विचारही केला.

"बरं म्हाराज. पर गावचा सुतार गाव सोडून गेला तर पाटील काय करतो?"

"दुसरा आणतो! बलुतेदाराशिवाय गाव चालतं का?"

"मग हे माज्या भोपळ्याचे बलुतेदार हुते. त्यांच्या जागी मला माणसं द्या."

महाराज खो खो हसले. "एवढंच? दरबारात बावीस मानकरी लोडाला टेकून जांभया देत असतात. घेऊन जा सगळे!"

"आन् बलुत्याचा रिवाज?"

"जुनाच! राबेल त्याचा वाटा आधी, धन्याचा मागून. राजाचा शब्द!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात जो तमाशा उडाला तो बघायला अर्धं शहर कुंपणावर चढलं. दिवाण त्रिंबकपंतांच्या हातात भिवरेनं कोंबडीचं पीस दिलं.

"पंत, या फुलातली पिवळी भुकटी त्या फुलात टाका. ज्याच्यामागं चिमुकला भोपळा दिसतोय, त्यात!"

"अगं, पण माझी कंबर!"

"मधमाशीनं कंदी कंबर धरली न्हाई!"

सेनापती हैबतराव उकिडवे बसून लाल भुंग्यांवर उड्या मारत होते. "उडी कमी पडली!" भिवरा ओरडायची. नीलकंठशास्त्री चिखलात पालथे पडून बोटानं भोकं पाडत होते आणि त्यात कुजका पाला कोंबत होते. तोंडानं स्तोत्र चालू. "शास्त्रीबुवा, गांडूळ मुकाट काम करतं!" उरलेले एकोणीस मानकरी कोसळेल त्याच्या जागी उभे राहायचे. एकदा तर पंतांना फुलातच शिंक आली आणि सकाळभर जमवलेली सगळी भुकटी हैबतरावांच्या मिशीवर गेली.

जवळजवळ दोन महिने बावीस जणांनी हाडं झिजवली. भोपळा धरला. चांगला मोठा, तांबूस, पण एकच!

दसऱ्याला भिवरेनं तो दरबारात आणला. महाराजांच्या तोंडाला पाणी सुटलं. "कढई चढवा!"

"थांबा म्हाराज. आधी बलुतं!" असं म्हणत भिवरेनं कोयता काढला. पंतांना फोड, हैबतरावांना फोड, शास्त्रीबुवांना फोड... बावीस जणांना फोडी देऊन झाल्या. मग उरलेला देठ तिनं महाराजांच्या सोन्याच्या ताटात अदबीनं ठेवला.

"हे काय?"

"धन्याचा वाटा!"

"देठाचे घारगे होतात का? पंत, तुमची फोड इकडे द्या!"

पंतांनी फोड उपरण्याखाली दडवली. "क्षमा असावी महाराज, या फोडीसाठी कंबर मोडलीय माझी!"

महाराज रडकुंडीला आले. "अगं, पूर्वी गाडाभर भोपळे यायचे! त्या मधमाश्यांनी, बेडकांनी कधी वाटा मागितला नाही!"

"घेत हुती की! माशी फुलातला थेंबभर रस प्यायची. बेडूक भुंगं गिळायचा. गांडूळ कुजका पाला खायचं. आता यातलं तुमच्या ताटात काय वाढू, सांगा!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी डोकं खाजवलं. "पण माझा शब्द? तो मागे कसा घेऊ?"

"घिऊ नका. गेले ते गेले. आता रिकाम्या जागी नवी नेमणूक करा. कामाची म्हाईतगार मंडळी नदीपल्याड बसलीत."

"आम्ही जागा सोडल्या!" बावीसच्या बावीस जण एका सुरात ओरडले.

महाराजांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "नवी नेमणूक मंजूर! पण भिवरे, सगळ्यांना कामं वाटलीस. मग या सगळ्यात माझं काम काय?"

"तुमी खाता म्हाराज."

"बस्स?"

"खात्यात तर समदेच. पर खाऊन कायतरी देत्यात. तुमी नुसतंच खाता!"

हैबतरावांचा हात तलवारीकडे गेला. महाराज मात्र देठाकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मी काय देऊ गं?"

"मळा द्या!"

महाराज इतके हसले, इतके हसले की सिंहासनावरून घसरून खाली आले, आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून त्यांनी मळा आणि खोपट भिवरेच्या नावे लिहून दिलं.